आधी उंचवटे, मग क्रमांक

बीएमएक्स हा खेळ कोणत्याही क्रीडा महासंघाने काढलेला नाही, तो मुलांनी काढला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण कॅलिफोर्नियातली मुले मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीवरच्या मोटारसायकलच्या, शर्यती बघून येत आणि रिकाम्या प्लॉटवरच्या मातीत आपल्या छोट्या सायकलींवर त्याच शर्यती खेळत. १९६३ मध्ये बाजारात आलेली श्विन कंपनीची वीस इंची ‘स्टिंग-रे’ त्यांच्या हाताशी होती आणि खड्डे-टेकाडांना तोटा नव्हता. नोव्हेंबर १९७० मध्ये लाँग बीच इथे स्कॉट ब्राइटहॉप्ट या तेरा वर्षांच्या मुलाने अशी एक शर्यत रीतसर भरवली. मोटारसायकलच्या शर्यतींत स्वतः जिंकलेले चषक त्याने बक्षीस म्हणून देऊन टाकले. त्यानंतर मोठी माणसे आली. १९७४ मध्ये नॅशनल बायसिकल लीग आणि १९७७ मध्ये अमेरिकन बायसिकल असोसिएशन उभी राहिली, १९८२ मध्ये ओहायोतल्या डेटन इथे पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने हा खेळ आपल्या छत्राखाली घेतला आणि २००८ मध्ये बीजिंगला तो ऑलिम्पिकमध्ये दाखल झाला. अडतीस वर्षांत रिकाम्या प्लॉटपासून ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेल्या या खेळाला नियम मिळाले, सुरक्षिततेची साधने मिळाली, पैसा मिळाला. सर्वांत लहान मुलांच्या वाट्याला मात्र त्याबरोबर गुण, क्रमवारी, पात्रता फेऱ्या आणि कडेला उभे राहून ओरडणारे पालकही आले. माझे म्हणणे असे आहे की मुलांना तिसऱ्या-चौथ्या वर्षीच बीएमएक्सच्या ट्रॅकवर न्यावे, आणि त्याच मुलांना निदान दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत क्रमवारीपासून आणि राज्य-राष्ट्रीय स्पर्धांपासून दूर ठेवावे. या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात. पहिली मान्य करून दुसरी सोडली तर खेळ मुलाला लवकर नकोसा होतो, आणि दुसरीच्या भीतीने पहिली नाकारली तर मूल एका फार चांगल्या गोष्टीला मुकते.

आपल्याकडे हा खेळ अजून रुजलेला नाही, म्हणून आधी त्याचे स्वरूप सांगतो. ट्रॅक साधारण तीनशे ते चारशे मीटरचा असतो. एका टोकाला मातीची किंवा लोखंडी चौकटीची टेकडी आणि तिच्या माथ्यावर आडवे गेट. गेटला पुढचे चाक टेकवून, दोन्ही पाय पॅडलवर ठेवून, तोल सांभाळत आठ जण ओळीने उभे राहतात. ध्वनिमुद्रित सूचना संपल्यावर गेट नेमके केव्हा पडेल हे कोणालाच ठाऊक नसते, कारण मधला विराम यंत्र दरवेळी बदलते. अंदाजाने आधी निघणारा गेटवर आदळतो, ऐकून आणि पाहून निघणारा पुढे जातो. मग उतार, उंचवट्यांची रांग, कलते वळण, पुन्हा उंचवटे, पुन्हा वळण, आणि पाऊण मिनिटाच्या आत शर्यत संपते. सायकलला गिअर एकच, ब्रेकही एकच आणि तो मागच्या चाकाला. सीट इतकी खाली असते की तिच्यावर बसून शर्यत होतच नाही, सगळे उभ्याने. प्राथमिक फेऱ्या सहसा तीन होतात, प्रत्येक फेरीत गेटवरची जागा बदलते आणि तिन्ही क्रमांकांच्या बेरजेवर पुढे कोण जाणार ते ठरते. पहिल्या फेरीत पडलेल्याला दुसरी आणि तिसरी मिळतेच.

लहान मुलांच्या दृष्टीने या रचनेत एक मोठा गुण आहे. इथे राखीव खेळाडू नसतो. क्रिकेटच्या शिबिरात सहा-सात वर्षांचे मूल तासातला किती वेळ प्रत्यक्ष चेंडू खेळते आणि किती वेळ रांगेत उभे असते, हे कोणत्याही मैदानाच्या कडेला उभे राहून पाहता येते. सांघिक खेळात अशक्त, बुजरे किंवा उशिरा वाढीला लागलेले मूल हळूहळू सीमारेषेकडे सरकते आणि एक दिवस यायचेच बंद होते. बीएमएक्सच्या ट्रॅकवर प्रत्येकाची फेरी स्वतःची असते, ती कितीही हळू केली तरी पूर्ण होते आणि संपली की लगेच पुन्हा करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यातली निदान ६० मिनिटे दमवणारी असावीत, असे म्हटले आहे. शहरी फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाला एवढी हालचाल जिन्यात आणि पार्किंगमध्ये मिळणे अवघड. ती जिथे मिळते आणि मूल स्वतःहून ‘अजून एकदा’ म्हणते, अशा जागा मोजक्या आहेत, आणि उंचवट्यांचा ट्रॅक त्यांपैकी एक आहे.

सुरुवात कशी करावी, याबाबतीत गेल्या दोन दशकांत बरेच काही स्पष्ट झाले आहे. आपल्याकडे लहान मुलाला सायकल घेतली की तिच्या मागच्या चाकाला दोन आधाराची चाके लावून देतात. सायकल वळते ती कलल्यामुळे. आधाराची चाके नेमके कलूच देत नाहीत, म्हणून मूल पॅडल मारायला शिकते पण तोल सांभाळायला शिकत नाही, आणि चाके काढली की सगळे पहिल्यापासून सुरू होते. पॅडलच नसलेल्या, पायांनी ढकलत चालवायच्या बॅलन्स बाइकवर हा क्रम बरोबर उलटा आहे. तोल आधी येतो आणि पॅडल नंतर. पोर्तुगाल आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दोन्ही रीतींची तुलना केली, तेव्हा बॅलन्स बाइकवर सुरुवात केलेली मुले स्वतंत्रपणे सायकल चालवायला आधी लागल्याचे दिसले. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. १८१७ मध्ये कार्ल फॉन ड्राइस यांनी जर्मनीत जे पहिले दुचाकी यंत्र चालवून दाखवले, त्यालाही पॅडल नव्हते. माणसाने दोन चाकांवरचा तोल याच क्रमाने मिळवला आहे. यासाठी महागडी परदेशी बॅलन्स बाइकच हवी असेही नाही. घरातल्या बारा किंवा चौदा इंची सायकलची आधाराची चाके काढा, पान्याने दोन्ही पॅडल काढा (डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, एवढे लक्षात ठेवायचे) आणि दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील इतकी सीट खाली करा. वजनाकडे मात्र लक्ष द्यावे. पाच वर्षांचे मूल साधारण सतरा-अठरा किलोंचे असते. त्याच्या हाती नऊ-दहा किलोंची लोखंडी सायकल दिली, तर ते आपल्या निम्म्याहून जास्त वजनाशी झुंजत असते, आणि आपण समजतो की मुलाला सायकलची भीती वाटते.

तोल आला की उंचवटे. उंचवट्यांच्या छोट्या वळणदार ट्रॅकला पंप ट्रॅक म्हणतात, आणि लहान मुलांसाठी तोच खरा बीएमएक्सचा वर्ग आहे. तिथे पॅडल मारायची गरज पडत नाही. उंचवट्यावर चढताना गुडघे-कोपर दुमडून सायकल अंगाशी घ्यायची, उतरताना हातपाय सरळ करून तिला खाली रेटायचे, एवढ्यानेच वेग येतो. उभ्याने झोका चढवताना शरीर जे करते तेच इथे घडते, त्यामुळे ज्या मुलाला झोका चढवता येतो त्याच्यात ही समज आधीच असते. प्रशिक्षकाचे काम थोडेच उरते: नजर चाकाकडे न ठेवता पुढच्या वळणाकडे ठेवायला लावणे, हँडलवरची पकड सैल करायला लावणे आणि पडल्यावर हात ताठ न टेकवता अंग गोळा करून लोळायला शिकवणे. तालमीत आणि मल्लखांबाच्या आखाड्यात आपल्याकडे हे पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले आहे. तिथे पडण्याची रीत उडीच्या आधी शिकवतात. त्यामुळे या खेळाची मूळ शिस्त मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही.

आता सर्वांत मोठ्या आक्षेपाकडे वळतो. हा खेळ धोकादायक आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या वैद्यकीय पथकांनी रिओ २०१६ मध्ये खेळाडूंच्या दुखापतींची नोंद ठेवली, तेव्हा सर्व खेळांत बीएमएक्स सर्वांत वर होता. त्यातल्या ३८ टक्के खेळाडूंना काही ना काही दुखापत झाली. टोकियोत बीएमएक्स शर्यतीचे प्रमाण २७ टक्के होते, म्हणजे बॉक्सिंगइतके. रिओत सुवर्ण जिंकलेला अमेरिकेचा कॉनर फील्ड्स टोकियोच्या उपांत्य फेरीत पडला आणि त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. लंडन ऑलिम्पिकमध्ये रौप्य मिळवणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या सॅम विलोबीला २०१६ मध्ये सरावात पडून मणक्याची कायमची इजा झाली. ऑस्ट्रेलियाच्याच काय साकाकिबाराला फेब्रुवारी २०२० मधल्या अपघातात मेंदूला गंभीर इजा झाली आणि त्याची कारकीर्द तिथेच थांबली. त्याची धाकटी बहीण साया हिने २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्ण जिंकले तेव्हा सगळ्या जगाला त्या भावाची आठवण होती. हे वाचून एखाद्या आईने ‘नकोच’ म्हटले तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

तरीही हे आकडे कुठून आले ते पाहायला हवे. ऑलिम्पिकचा ट्रॅक आठ मीटर उंच टेकडीवरून सुरू होतो, तिच्या पायथ्याशी खेळाडूंचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास असतो, मधल्या उड्या दहा मीटरच्या पुढच्या असतात आणि आठ प्रौढ माणसे पहिल्या वळणात एकाच रेषेसाठी एकमेकांना खेटतात. मुलांच्या पंप ट्रॅकवर उंचवटा त्यांच्या गुडघ्याएवढा असतो, वेग जोरात धावण्याइतका, आणि एका वेळी ट्रॅकवर किती मुले सोडायची हे प्रशिक्षक ठरवतो. धोका वाढतो तो वेग, उंची आणि गर्दी यांच्याबरोबर, आणि या तिन्ही गोष्टी मोठ्यांच्या हातात आहेत. त्यात हेल्मेटची भर घाला. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी चाळीस अभ्यासांतल्या ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी आढळली. बीएमएक्समध्ये हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारे हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, हातमोजे आणि बंद बूट ही रोजची वेशभूषा आहे. यानंतरही खरचटणार, ओठ फुटणार आणि क्वचित मनगट मोडणार. पण जी मुले ट्रॅकवर जात नाहीत ती सायकल चालवतच नाहीत असे थोडेच आहे? ती सोसायटीच्या फाटकातून थेट रस्त्यावर येतात, जिथे डंपर आणि टँकर असतात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. वळण, ब्रेक आणि तोल वाहनांपासून दूर शिकलेले मूल पुढे रस्त्यावर अधिक सावध असेल, असे मी मानतो. रस्ता सुरक्षित करण्याची जबाबदारी मात्र त्याने कमी होत नाही.

धोका आणि वय यांची सांगड घालणे आपल्याला नवे नाही. दहीहंडीच्या थरांत बालगोविंदांना चढवावे की नाही यावर महाराष्ट्रात अनेक वर्षे वाद झाला, तो न्यायालयात गेला, आणि २०१७ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना थरांत चढवू देणार नाही, अशी भूमिका राज्य सरकारने उच्च न्यायालयात मांडली. सण बंद झाला नाही, वयाची रेषा आखली गेली. बीएमएक्समध्येही तशीच रेषा आखायची आहे. फक्त ती सायकलला न लावता स्पर्धेला लावायची.

कारण लहान मुलाला या खेळात होणारे नुकसान बहुतेक वेळा हाडांचे नसते. अमेरिकेत पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही वयोगटात नोंदवून शर्यतीत उतरवतात. वर्षभर गुण गोळा होतात, त्यावरून क्रमवारी लागते आणि पुढच्या वर्षीच्या सायकलवर त्या क्रमांकाची पाटी चढते. कुटुंबे दर शनिवार-रविवारी शेकडो किलोमीटर गाडी चालवून शर्यतींना जातात. त्यात आनंद नाही असे मी म्हणत नाही. कुटुंब एकत्र येते, मुलांना मित्र मिळतात. पण सहा वर्षांच्या मुलाचा क्रमांक नेमके काय मोजतो? एकाच वयोगटातले जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरमधल्या मुलापेक्षा जवळजवळ एका वर्षाने मोठे असते, आणि सहा वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे सहावा हिस्सा. त्याच्या मांड्या जास्त भरलेल्या असतात, कान आणि पाय यांचा मेळ जास्त जमलेला असतो. त्यातल्या एकाकडे हलकी महागडी सायकल आणि दुसऱ्याकडे जड सायकल असेल तर फरक आणखी वाढतो. क्रमवारीत उतरते ते जन्माचा महिना, वडिलांचे उत्पन्न आणि आईला मिळालेली सुट्टी. मूल मात्र ती आपली लायकी समजते. आपल्याकडे हा धोका अधिकच आहे. शिष्यवृत्ती परीक्षेपासून नृत्याच्या रिॲलिटी शोपर्यंत प्रत्येक गोष्टीत पहिल्या तिघांची नावे लावण्याची सवय या समाजाला जडली आहे. नवा खेळ त्याच साच्यात घालायला फार वेळ लागणार नाही.

याबाबत नॉर्वेचे उदाहरण मला सर्वांत विचार करण्यासारखे वाटते. त्या देशाच्या क्रीडा संघटनेने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ मध्ये त्यांना मुलांच्या हक्कांची जोड दिली. सहाव्या वर्षापासून मूल आपल्या क्लबच्या स्थानिक स्पर्धांत उतरू शकते, पण अकराव्या वर्षापर्यंत निकालांच्या याद्या आणि क्रमवारी लावायची नाही, आणि राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा तेराव्या वर्षाआधी नाहीत. हे सगळ्या खेळांना लागू आहे. ज्यांना वाटते की अशाने मुले लेचीपेची होतील, त्यांनी पुढचे निकाल पाहावेत. जेमतेम पंचावन्न लाख वस्तीच्या या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ३९ पदके मिळवली आणि २०२२ मध्ये १६ सुवर्णपदके, जी तोवरच्या कोणत्याही एका हिवाळी ऑलिम्पिकमध्ये कोणत्याही देशाला मिळालेली नव्हती. पदके या नियमांमुळेच आली असे यातून सिद्ध होत नाही. तिथे बर्फ आहे, पैसा आहे, गावोगावी क्लब आहेत. पण क्रमवारी उशिरा लावल्याने अव्वल खेळाडू घडत नाहीत, हा समज मात्र त्यातून खोटा ठरतो.

या ठिकाणी मारियाना पाहोनचे नाव पुढे केले जाते. कोलंबियातल्या मेदेयीनची ही मुलगी अगदी लहानपणी बीएमएक्सच्या सायकलवर बसली, मुलग्यांबरोबर शर्यती केल्या आणि २०१२ व २०१६ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके घेऊन आली. टोकियोत तिला रौप्य मिळाले. एवढ्या लवकर स्पर्धा सुरू केली म्हणूनच ती तिथे पोहोचली, असा युक्तिवाद असतो. या युक्तिवादातली अडचण अशी की सहाव्या वर्षी जिंकून बाराव्या वर्षी सायकल सोडून दिलेल्या मुलांची नावे कोणी लिहून ठेवत नाही. मोजणी दोन्ही बाजूंनी करावी लागते, आणि ती झालेली आहे. संशोधक आर्ने ग्युलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक खेळाडूंवरचे अभ्यास एकत्र केले, त्यांत जगातले सर्वोच्च दर्जाचे ७७२ खेळाडू होते. कुमार गटात चमकणारे खेळाडू आपल्या खेळाला लवकर चिकटतात आणि लवकर पुढे जातात. प्रौढ वयात जागतिक दर्जा गाठणाऱ्यांनी मात्र लहानपणी अनेक खेळ खेळलेले असतात, मुख्य खेळ त्यांनी उशिरा धरलेला असतो आणि त्यांची सुरुवातीची प्रगती संथ असते, असे त्यातून दिसले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये एकाच खेळावर लक्ष केंद्रित करणे पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे, असाच सल्ला दिला. बीएमएक्समध्येही या मताला दुजोरा देणारे खेळाडू आहेत. टोकियोची सुवर्णपदक विजेती ब्रिटनची बेथनी श्राइव्हर हिने नवव्या वर्षी सुरुवात केली. २००८ ची पहिली महिला विजेती, फ्रान्सची आन-कॅरोलिन शोसोन, लहानपणी बीएमएक्स खेळली, मग डोंगर-उतारावरच्या सायकलिंगमध्ये वर्षानुवर्षे जगज्जेती राहिली आणि त्यानंतर परत आली. ट्रॅक सायकलिंगमध्ये सहा ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवणारा ख्रिस हॉय सातव्या ते चौदाव्या वर्षापर्यंत बीएमएक्स खेळत होता. त्याला ही ओढ ‘ई.टी.’ चित्रपटातल्या सायकलींनी लावली. त्याच्यासाठी बीएमएक्स पहिली शाळा होती, मुक्काम पुढे दुसरीकडे होता.

मुलांनाच चषक हवा असतो, असेही कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. तेरा वर्षांच्या ब्राइटहॉप्टला चषक वाटावेसे वाटले ते कोणा प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून नव्हे. दोन मुले दोन सायकली घेऊन उभी राहिली की ‘त्या झाडापर्यंत कोण आधी’ हे आपोआप होते, आणि ते थांबवण्याचा प्रयत्न मी तरी करणार नाही. पण झाडापर्यंतची शर्यत संपली की संपते. तिची नोंद राहत नाही, हरलेला पाच मिनिटांनी पुन्हा आव्हान देतो, आणि भिडू कमीजास्त वाटले तर मुले स्वतःच एकाला दोन पावले पुढे उभे करतात. मुलांची स्पर्धा अशी दुरुस्त होत जाते. मोठ्यांची क्रमवारी वर्षभर भिंतीवर लटकते. म्हणून लहान गटांत गेट जरूर लावावे, आठ जणांना जरूर सोडावे, मोठ्याने टाळ्या वाजवाव्यात, मोठ्या मुलामागे छोटे अशा जोड्यांच्या शर्यती घ्याव्यात, एखाद्याने स्वतःची मागची वेळ मोडली तर सर्वांसमोर सांगावे. संध्याकाळी मात्र निकालाचा तक्ता कुठे लागू नये.

खर्चाचा मुद्दा खरा आहे आणि तो सोडवता येतो. शर्यतीची चांगली सायकल, हेल्मेट आणि बाकीची साधने प्रत्येक कुटुंबाने विकत घ्यायची म्हटली तर हा खेळ मोठ्या शहरांतल्या मोजक्या वसाहतींपुरता राहील. लंडनच्या दक्षिणेकडच्या पेकहॅम या कष्टकऱ्यांच्या भागात २००४ मध्ये सीके फ्लॅश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीत क्षेत्रातल्या माणसाने एक बीएमएक्स क्लब उभा केला. तो भाग तेव्हा बातम्यांत यायचा तो तरुणांच्या टोळ्या आणि चाकूहल्ल्यांमुळे. २०१३ मध्ये जवळच्या बर्जेस पार्कमध्ये चांगला ट्रॅक झाला. याच क्लबात वाढलेला काय व्हाइट टोकियोत रौप्यपदक घेऊन आला, आणि त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर जिंकून कोसळलेल्या श्राइव्हरला उचलून घेतानाचे त्याचे छायाचित्र जगभर गेले. मला त्या पदकापेक्षा अशा क्लबांची रीत महत्त्वाची वाटते. नवख्या मुलांना सायकल आणि हेल्मेट क्लबच देतो, मूल रिकाम्या हाताने येते आणि रिकाम्या हाताने घरी जाते. ही रीत आपल्याला अनोळखी नाही. एके काळी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सायकल दुकानांत तासाच्या बोलीवर छोट्या सायकली भाड्याने मिळत, आणि घरी सायकल नसलेली मुलेही त्यामुळे सायकल शिकत. नळीतून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलेल्या त्या पिढ्यांना घरची श्रीमंती लागली नव्हती.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. रिओनंतर ब्रिटनने बीएमएक्सचा निधी केवळ पुरुषांसाठी ठेवला. तेव्हा श्राइव्हरने शाळेत साहाय्यक म्हणून अर्धवेळ काम केले, लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि सराव चालू ठेवला. श्रीमंत देशात हे घडले. आपल्याकडे नववी-दहावीत मुलीची सायकल शाळेपुरती उरते आणि मैदान तर त्याआधीच सुटते. चौथ्या वर्षी मुलगे-मुली एकाच ट्रॅकवर, एकाच गटात फिरू लागले, तर दहाव्या वर्षी तिचे तिथे असणे कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. लवकर सुरुवात करण्याचा हा फायदा मला इतर सर्व फायद्यांइतकाच मोलाचा वाटतो.

यासाठी ऑलिम्पिकच्या मापाचा ट्रॅक लागत नाही, आणि कोणत्याही महापालिकेने सुरुवातीला तो बांधूही नये. आठ मीटरची टेकडी उभारली की फीत कापायला पाहुणे मिळतात, पण चार वर्षांच्या मुलाला तिथे काही करता येत नाही आणि दोन पावसाळ्यांत तिथे गवत वाढते. उद्यानाच्या कडेचा किंवा क्रीडांगणासाठी राखीव भूखंडाचा एक तुकडा, रोलरने दाबलेल्या मुरमाचे गुडघाभर उंचवटे, दोन कलती वळणे, पाण्याला वाट देणारी चर आणि कुंपण, एवढ्यावर काम सुरू होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसात मुरूम टिकणार नाही, तिथे वरून डांबराचा थर लागेल. त्याच्याशेजारी एका खोलीत वीस-पंचवीस छोट्या सायकली आणि तेवढीच हेल्मेट, आणि रोज संध्याकाळी मुलांना पडायला शिकवणारा एक प्रशिक्षक हवा. प्रशिक्षकाचा पगार ट्रॅकच्या खर्चाबरोबरच मंजूर व्हायला हवा, नाहीतर खोलीला कुलूप लागेल. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामे सुचवून घेते आणि त्यासाठी साधा अर्ज पुरतो. पदपथ, दिवे, बाके यांच्या मागण्या तिथे दरवर्षी जातात. यंदा ज्यांच्या घरात तीन ते दहा वर्षांची मुले आहेत त्यांनी त्या अर्जात उंचवट्यांचा ट्रॅक, सायकलींची खोली आणि प्रशिक्षकाचा पगार अशा तिन्ही गोष्टी एकत्र लिहाव्यात, आणि त्याखाली एक अटही घालावी की अकरा वर्षांखालील मुलांच्या निकालांच्या याद्या तिथे लावल्या जाणार नाहीत.